फादरवरचा राग आणि देवळाची वाट

प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, तीन वर्षं सणाच्या वर्गणीचा आणि छताच्या दुरुस्तीसाठी गोळा केलेल्या पैशांचा हिशेब मिळालेला नाही. माझ्या मिस्टरांनी सभेत विचारलं, तर पुढच्या रविवारी फादरनी प्रवचनात नाव न घेता आम्हांला झोडपलं. तेव्हापासून मिस्टर देवळात येत नाहीत. १९ वर्षांचा मुलगा मोबाईलवर देशोदेशीच्या धर्मगुरूंच्या बातम्या दाखवतो आणि म्हणतो, 'यांच्या हातून ख्रिस्तप्रसाद घ्यायचा?' शेजारची एक बाई आमच्या प्रार्थना गटात या म्हणून मागे लागली आहे. मी एकटीच मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाते आणि रडून येते. श्रद्धा टिकवायची कशी?"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पैसा, अपमान, बातम्यांतले गुन्हे आणि मुलगा, हे सगळं तुम्ही एकाच गाठोड्यात बांधलं आहे, म्हणून ते उचलवत नाही. आपण ते गाठोडं सोडवू. त्याआधी माझ्याबद्दल दोन शब्द, कारण सल्ला कोण देतंय हे माहीत असलेलं बरं.

मी वसईची. धर्मशिक्षणाच्या वर्गावर ३१ वर्षं शिकवते, मधली ९ वर्षं धर्मग्रामाच्या वित्त समितीवर होते, शाळेतून निवृत्त झाल्यापासून समुपदेशन करते. फादरमुळे दुखावलेली माणसं माझ्याकडे बरीच येतात. आणि मी स्वतः १४ महिने मिस्साला गेले नव्हते. त्यामुळे तुमच्या मिस्टरांना मी नावं ठेवणार नाही.

१९९१ च्या जुलैतली गोष्ट. माझे वडील घरीच शेवटच्या घटका मोजत होते. रात्री दीडला आई म्हणाली, फादरला बोलवा, तैलाभ्यंग (आजारी माणसाला तेल लावून करायचा संस्कार) होऊ दे. धाकटा भाऊ भर पावसात सायकलवरून फादरच्या बंगल्यावर गेला. बेल वाजवली, कुत्रा भुंकला, बऱ्याच वेळाने आचारी बाहेर आला, आत जाऊन आला आणि म्हणाला, "फादर म्हणतात, सकाळच्या मिस्सानंतर येतो." वडील पहाटे साडेचारला गेले. भाऊ ओला तसाच ओट्यावर बसला होता. सदऱ्यातून पाणी ठिबकत होतं आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, "मी अजून एकदा बेल वाजवायला पाहिजे होती."

चूक कोणाची आणि खात कोणाला होती, बघा. दफनविधीच्या वेळी त्याच फादरनी वडिलांच्या श्रद्धेवर सुरेख प्रवचन केलं. मी दात आवळून ऐकलं आणि तिथून निघाले ती निघालेच.

परत आले ती कुठल्या चांगल्या फादरमुळे नव्हे. आमच्या आळीत क्रूस आहे. मे महिन्यात तिथे रोज संध्याकाळी जपमाळ होते, नंतर उकडलेले चणे वाटतात. लितानी, म्हणजे एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी साथ द्यायची ती प्रार्थना, सांगायचं काम शेजारच्या मावशींचं. त्या वर्षी मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसेना. दारात येऊन म्हणाल्या, "पुस्तक तू वाच." मी म्हटलं, "मावशी, मी चर्चला जात नाही, फादरशी बोलत नाही." त्या म्हणाल्या, "क्रुसावर फादर कधी येतो? चणे शिजलेत, चल."

साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. डास चावत होते. पण मी एकेक ओळ वाचत होते आणि समोरून सगळी आळी "आम्हांसाठी विनंती कर" म्हणत होती. त्या आवाजांत पूर्वी माझ्या वडिलांचा आवाज असायचा, आता भावाचा होता. ज्यांच्यावर मी रुसले होते ते फादर या सगळ्यात कुठेच नव्हते, आणि त्यांच्यावरच्या रागापायी मी या आळीला सोडून बसले होते. तरीही मिस्साला जायला सप्टेंबर उजाडला. राग लगेच जात नाही, आणि गेला नाही म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही.

या कामात पडल्यापासून माझं एक मत झालं आहे, पटतंय का बघा. वाईट फादरमुळे ज्याची श्रद्धा जाते, त्याची श्रद्धा बहुधा आधीच्या एखाद्या चांगल्या फादरच्या खुंटीला टांगलेली असते. आम्ही वसईकर चांगल्या फादरांच्या बाबतीत नशीबवान. आमच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो हिरव्या वसईसाठी रस्त्यावर उतरले, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक झाले, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचा अभिमान मलाही आहे. पण एखादा धर्मगुरू मोठा आहे म्हणून धर्मसभा (म्हणजे चर्च) खरी, असं मनात बसलं, की दुसरा धर्मगुरू लहान निघताच धर्मसभा खोटी वाटू लागते. खुंटी बदलते, टांगणं तेच राहतं. तुमच्या घरात याआधीचे फादर फार लाडके होते का, हे मिस्टरांना विचारा. मला तसा संशय आहे.

आता मुलाचा प्रश्न. तो १,७०० वर्षं जुना आहे हे त्याला सांगा. या वयात आपला प्रश्न इतका जुना आहे हे कळलं की एकतर राग येतो नाहीतर कुतूहल वाटतं, आणि दोन्ही चालेल.

इ.स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला. पवित्र ग्रंथ जाळायला आणून द्या, असा हुकूम निघाला. उत्तर आफ्रिकेतले काही बिशप आणि धर्मगुरू घाबरले आणि ग्रंथ देऊन मोकळे झाले. छळ ओसरल्यावर सेसिलियन हा कार्थेजचा बिशप झाला. विरोधक म्हणाले, याला बिशपपदाची दीक्षा देणारा आप्टुंगाचा फेलिक्स हा ग्रंथ देणाऱ्यांपैकी आहे, म्हणून ही दीक्षाच खोटी, आणि याच्या हातचे संस्कारही खोटे. पुढे डोनाटस या पुढाऱ्याच्या नावाने हा गट ओळखला जाऊ लागला. चौकशीत फेलिक्स निर्दोष ठरला, पण तोवर गावागावांत दोन चर्च आणि दोन बिशप झाले होते. ३१४ साली आर्लच्या परिषदेने सांगितलं की दीक्षा देणारा दोषी असला तरी दीक्षा दीक्षाच राहते. भांडण मात्र त्यानंतर शंभर वर्षं पुरलं.

त्या भांडणाच्या शेवटच्या टप्प्यात ऑगस्टीन हे आजच्या अल्जीरियाच्या किनाऱ्यावरच्या हिप्पोचे बिशप होते. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) येशूचा शिष्य पेत्र याच्या हातून झाला तरी देणारा ख्रिस्त, येशूला दगा देणाऱ्या यहुदाच्या हातून झाला तरी देणारा ख्रिस्तच. आणि त्यांनी एक दाखला दिला, तो वसईच्या माणसाला वेगळा समजवावा लागत नाही. पाणी दगडी पाटातून वाडीत जातं. पाटात काही उगवत नाही, तो कोरडा दगडच राहतो. पण त्यातून गेलेल्या पाण्यावर वाडी पिकते. माझे आजोबा केळी आणि पानवेल करायचे. पाणी सोडायच्या वेळी पाटाकडे कोणी कौतुकाने बघत नसे, सगळ्यांची नजर वाफ्यांकडे असायची. (याच ऑगस्टीननी पुढे डोनाटसच्या अनुयायांवर सरकारी बळ वापरायला पाठिंबा दिला. ते मला कधीच पटलेलं नाही. संत म्हणून सगळंच बरोबर, असं नसतं.)

तेव्हा मुलाला सांगा, ख्रिस्तप्रसाद 'यांच्या हातून' येतो, 'यांच्याकडून' येत नाही. शंकेखोर मुलगा असेल तर विचारेल, मग फादर काहीही करोत, आपण मुकाट घ्यायचं का? तिथे त्याचं बरोबर आहे, आणि तिथेच बहुतेक प्रवचनं थांबतात.

पाटात कुजकं काही अडकलं तर आजोबा काय करायचे? पाटात उतरून ते काढायचे. पाणी चांगलं आहे म्हणून पाट साफ करायचा नाही, असं कोणता वाडीवाला म्हणेल? ही शिकवण भाविकांच्या दिलाशासाठी आहे. वीस वर्षांपूर्वी ज्या फादरनी लग्न लावलं ते भ्रष्ट निघाले, तर आपलं लग्न खोटं का, अशा धास्तीतून सामान्य माणसाला सोडवण्यासाठी आहे. धर्मगुरूला वाचवण्यासाठी ती वापरली की तिचा अर्थच उलटा होतो. आमच्या लहानपणी म्हणायचे, फादरला बोलू नये, शाप लागतो. या एका वाक्याने किती घरं गप्प बसली असतील याची मोजदाद नाही.

आणखी एक. ज्या मुलावर किंवा बाईवर धर्मगुरूने अत्याचार केला, तिला हा पाटाचा दाखला कधी, कधीही सांगू नका. तिच्यासाठी तोच हात आणि तोच झगा म्हणजे भीती आहे. ती मिस्साला येऊ शकत नसेल, तर तिच्या श्रद्धेचा हिशेब मागायचा अधिकार आपल्याला नाही. मुलांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं बरं, असं येशू म्हणाला. इतके कठोर शब्द त्याने क्वचितच वापरले.

मुलगा दाखवतो त्या बातम्या परदेशातल्याच आहेत असं समजू नका. मुंबईतच २०१५ साली एका १३ वर्षांच्या मुलावर अत्याचार केल्याबद्दल एका धर्मगुरूला डिसेंबर २०२१ मध्ये विशेष पोक्सो न्यायालयाने (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या न्यायालयाने) जन्मठेप सुनावली. त्या घरचे लोक साधे, भाविक. तक्रार केल्यावर चर्चमधली माणसं आमच्याशी बोलेनाशी झाली, असं त्यांनी नंतर सांगितलं. मला त्या प्रकरणात सगळ्यात जास्त हे लागलं. गुन्हा एकाने केला, पण बाकावर बाजूला न बसण्याचं काम तुमच्या-माझ्यासारख्यांनी केलं.

म्हणून नियम नीट माहीत हवेत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. बिशप हाऊसला पत्र टाकलं म्हणजे हे कर्तव्य पार पडलं असं होत नाही. आधी पोलीस किंवा १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, बाकी नंतर. चर्चच्या आतली व्यवस्था वेगळी आहे. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये कायम केलेल्या आदेशानुसार प्रत्येक धर्मप्रांतात (एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागात) तक्रार देण्याची सोय असली पाहिजे, धर्मगुरू आणि सिस्टर यांनी कळलेली गोष्ट वरती कळवलीच पाहिजे, आणि तक्रार करणाऱ्यावर गप्प राहण्याची अट घालता येत नाही. कोणी 'चर्चची बदनामी होईल' म्हणालं तर हा आदेश दाखवा. पापनिवेदनाचं गुपित ही निराळी गोष्ट आहे. तिथे ऐकलेलं धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाही. पण बंगल्यावर, फोनवर, सभेत कळलेल्या गोष्टींना ते पांघरूण घालता येत नाही.

उलट बाजूही सांगते. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत निव्वळ अफवा होत्या, आणि जमिनीच्या वादातून उठवलेलं बालंटही एकदा होतं. म्हणून आपण न्यायाधीश व्हायचं नाही आणि व्हॉट्सॲपवर नाव फिरवायचं नाही. कळवायचं, आणि तपास ज्यांचं काम आहे त्यांना करू द्यायचा.

बोलणाऱ्याला धर्मसभेने सुळावर दिलं आणि नंतर डोक्यावर घेतलं, हेही मुलाला कळू दे. ऑस्ट्रेलियातल्या मेरी मॅकिलप गरीब मुलांसाठी शाळा चालवायच्या. त्यांच्या संघातल्या सिस्टरांनी एका धर्मगुरूच्या मुलांवरच्या अत्याचाराची तक्रार केली होती. १८७१ साली ॲडलेडच्या बिशपनी मेरी यांनाच बहिष्कृत केलं. पाच महिन्यांनी, मरणापूर्वी, त्याच बिशपनी बहिष्कार उठवला. २०१० साली त्या संत जाहीर झाल्या. बहिष्काराच्या काळात त्यांना राहायला जागा दिली ती एका ज्यू कुटुंबाने. तेव्हा शहरातले कॅथलिक काय करत होते, असा प्रश्न वर्गातली मुलं मला दरवर्षी विचारतात.

आपला गोन्सालो गार्सियाही घ्या. वसईत जन्मला, जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, त्यांच्यात सामील व्हायची आस धरून बसला. त्यांनी घेतलं नाही. तो व्यापारी झाला, पैसा कमावला, आणि शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून दाखल झाला. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेला, १८६२ साली संत झाला. आमच्या धर्मप्रांताचा आश्रयदाता संत धर्मगुरू नव्हता, आणि धर्मगुरूंनी एकदा दार लावूनसुद्धा तो श्रद्धेत टिकून राहिला. सणाला त्याची मिरवणूक काढताना हे फारसं कोणी सांगत नाही.

आता पैसा. तुमच्या पत्रात सगळ्यात लवकर सुटण्यासारखं काही असेल तर हे.

वित्त समितीवर असताना मी सणाचे हिशेब पाहायचे. कपाटातून हिरव्या कापडी बांधणीची वही निघायची, तिच्यात मंडपवाल्याचं बिल, बॅण्डवाल्याची पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, फुलवालीचा हिशेब बिस्किटाच्या पुड्याच्या पाठीवर. पावती पुस्तकं पाच दिलेली असायची, परत यायची चार. पाचवं कोणाकडे, तर कोणालाच माहीत नाही. ९ वर्षांत उघड चोरी मी एकदाच पाहिली, आणि ती धर्मगुरूंनी केलेली नव्हती. बाकी सगळा गबाळेपणा. एका फादरनी घंटाघराच्या दुरुस्तीचे ४०,००० रुपये एका मुलाच्या ऑपरेशनला देऊन टाकले होते आणि कोणाला सांगावं कसं म्हणून वर्षभर हिशेब टाळत होते. त्यांचं मन चांगलं होतं, तरी वागणं चूकच. कारण एका कामासाठी दिलेलं दान त्याच कामासाठी वापरायचं, असं धर्मसभेचा कायदाच सांगतो. ज्याला सगळे कॅनन लॉ म्हणतात त्यातलं ते कॅनन १२६७.

तुमच्या फादरांचं काय झालं असेल मला माहीत नाही. पण विचारणं हा उद्धटपणा नव्हता. कॅनन ५३७ म्हणतं, प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असलीच पाहिजे. कॅनन १२८४ म्हणतं, जमाखर्चाची पुस्तकं नीट ठेवा आणि दरवर्षी अहवाल करा. कॅनन १२८७ म्हणतं, लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्या. आणि कॅनन २१२ प्रमाणे धर्मसभेच्या भल्याबद्दलचं आपलं मत धर्मगुरूंना आदराने कळवणं हा भाविकांचा अधिकार आहे, कधीकधी कर्तव्यही. शिवाय महाराष्ट्रात चर्चचे ट्रस्ट बहुधा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असतात, आणि अशा ट्रस्टचे तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात. ती पायरी शेवटची ठेवा, पण आहे हे माहीत असू द्या.

पत्र कसं लिहायचं? सभेत उभं राहून विचारलं की फादरना वाटतं, चार माणसांत माझी अब्रू काढली. अर्थात त्यांनी वेदीवरून उत्तर देणं त्याहून वाईट होतं. तिथे त्यांच्या हातात माइक असतो आणि तुम्हांला उठून बोलता येत नाही. पण आता पुढचं बघू. तुमच्या दोघांच्याच सहीचं पत्र नको, पाच-सहा घरांच्या सह्या घ्या. त्यात एक तरी सही फादरना मानणाऱ्या घराची असू द्या. मागणी एवढीच: छताच्या निधीत किती जमले, किती खर्च झाले, किती शिल्लक आहेत, आणि वित्त समितीवर कोण आहे. प्रवचनाचा विषय त्या पत्रात आणू नका, दोन भांडणं एका कागदावर मावत नाहीत. प्रतीवर ऑफिसचा शिक्का आणि तारीख घ्या. महिनाभरात उत्तर नाही आलं तर तेच पत्र प्रतीसह विभागाच्या डीनना (आजूबाजूच्या धर्मग्रामांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मगुरूंना) द्या, धर्मग्रामांची मालमत्ता नीट सांभाळली जाते का हे पाहणं त्यांच्याही कामात आहे. मग बिशपना. पायऱ्या गाळू नका. गाळल्या की उत्तर पत्राला मिळत नाही, 'थेट वर का गेलात' याला मिळतं.

अपमानाचं काय? त्याला कायदा नाही. मिस्टर एकटे जाऊन फादरना भेटू शकले तर बघा. "तुम्ही मला वेदीवरून बोललात, ते मला लागलं," एवढं एक वाक्य बोलून चहा न घेता परत आले तरी चालेल. माफी मागतील असं गृहीत धरू नका. माझे ते फादर १८ वर्षांनी मला निवृत्त धर्मगुरूंच्या निवासात भेटले. मी ती रात्र सांगितली. त्यांना आठवतच नव्हती. पावसाळ्यात त्यांना दम्याचा त्रास असायचा, असं म्हणाले, आणि मला पेरू दिला. त्यांना माफ केलं का, असं मला विचारलंत तर मी काही दिवस हो म्हणेन आणि काही दिवस नाही. पण त्याआधीच मला वेगळं काही कळलं होतं: आमच्याशिवाय आणखी तीन घरांनी रात्री तीच बेल वाजवली होती, आणि आमच्यासारखीच ती घरंही गप्प बसली होती. त्यातलं एक घर आमच्यानंतरचं. आम्ही १९९१ सालीच वरती एक पत्र टाकलं असतं तर कदाचित त्या घरचा म्हातारा तैलाभ्यंगाविना गेला नसता. माझी टोचणी फादरांच्या चुकीपेक्षा या न टाकलेल्या पत्राची जास्त आहे.

मिस्टरांना त्या फादरांचं तोंड बघवत नसेल तर शेजारच्या धर्मग्रामात मिस्साला जाऊ द्या. रविवारची मिस्सा कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये ऐकली तरी चालते, पापनिवेदन कोणत्याही धर्मगुरूंकडे करता येतं. लोक काय म्हणतील, हा प्रश्न लोकांचा. आमच्या भावाने दोन वर्षं असंच केलं, दर रविवारी सायकलवर पाच किलोमीटर.

शेजारच्या बाईंच्या प्रार्थना गटाबद्दल मी वाईट बोलणार नाही, तिथे प्रेमाने विचारपूस होते आणि आपल्याकडे ती कमी पडते हे खरंच आहे. पण हिशेब आणि हुकूमशाही यांना कंटाळून जात असाल तर जाण्याआधी तिथल्या पास्टरना दोन प्रश्न विचारा: तुमचा हिशेब कोण तपासतं, आणि तुमच्याविरुद्ध तक्रार कुठे करायची? आपल्याकडे निदान डीन आहे, बिशप आहे, कॅनन आहे, भांडायला पायऱ्या आहेत.

आणि तुम्ही. एकटी जाते आणि रडून येते, असं लिहिलंत. काही दिवस प्रवचनाच्या वेळी फादरांकडे बघूच नका. त्या दिवसाचं शुभवर्तमान घरून वाचून जा, प्रवचन चालू असताना तेच मनात घोळवा. मी वर्षभर असं केलं आहे, कोणाला कळलं नाही. मिस्सानंतर लगेच घरी पळू नका, दाराशी दोन बायकांशी बोला. तुमच्या आळीत क्रूस असेल तर तिथे जात जा.

मुलाला मिस्साला ओढू नका, आणि फादरची बाजूही त्याच्यापुढे मांडत बसू नका, त्याला ते वकिलीसारखं वाटेल. त्याला काम द्या. सह्या घेतलेल्या घरांकडच्या वर्गणीच्या तीन वर्षांच्या पावत्या गोळा करायच्या आहेत, तारीखवार लावायच्या आहेत, कोणत्या पुस्तकातले कोणते नंबर गायब आहेत ते काढायचं आहे. तुम्हां दोघांना ते जमणार नाही. त्याला एक्सेल येतं का विचारा, आणि पत्राचा मसुदा झाला की मला वाचायला पाठवा. आकडे वर, राग खाली.